पांढरं लुगडं

आमच्या कॉलेजच्या दीक्षान्त समारंभाला माझ्या शेजारी एक बाई बसली होती. बीबी गावाहून आलेली, पांढरंशुभ्र लुगडं नेसलेली. पलीकडे काळ्या गाऊनमधली तिची लेक कानकोंडी होऊन म्हणाली, “माय, इथं डिग्री देतात व. आपली धम्माची दीक्षा नाई हे.”

“पत्रिकेत दीक्षा लिहेल हाय ना? मंग पांढरंच लागते,” म्हणत बाईनं पदर सारखा केला.

लेकीचं नाव पुकारलं, तशी बाई हात जोडून उभी राहिली आणि बुद्धविहारात म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाली, “साधू, साधू, साधू!” सगळे हसले. मी नाही हसले. माझा नुसता जळफळाट होत होता.

माझं नाव आलं, तेव्हा बाई लेकीचा गाऊन कुरवाळत होती.

घरी गेले. समारंभाला न आलेल्या आईनं मान वर न करता विचारलं, “भेटला का व कागद?”