शेवटच्या नळाचं पाणी

जाधव गेल्याचं त्यांच्या मुलीच्या पोस्टकार्डावरून कळलं, तेव्हा पुण्यानुमोदनाचा विधीही होऊन गेला होता. बदलापूरला, शिरगावातल्या त्यांच्या घरी जाऊन आलो, त्यालाही आता महिना झाला. लिहायला बसतो आणि हात थांबतो...

अंबरनाथला पाणीखात्यात आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. मी कारकून, ते पाणी तपासणारे. सकाळी पाणी सुटलं की काचेची नळी आणि औषधाची बाटली घेऊन ते निघायचे. टाकीजवळच्या नळावर तपासलं तरी नियमात बसत होतं. जाधव मात्र चाळींच्या टोकाच्या, अगदी शेवटच्या नळापर्यंत चालत जायचे. औषधाच्या थेंबांनी पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. बायका हंडे बाजूला घेऊन विचारायच्या, "काय भाऊ, आज लागली का हळद आमच्या पाण्याला?"

"नाही ना ताई. देतो चिठ्ठी ऑफिसात."

साहेबांना त्या चिठ्ठ्यांचा वैताग होता. "जाधव, सगळ्यांना पिवळं दिसतं, तुम्हालाच बरं पांढरं दिसतं? डोळे दाखवा कुणाला तरी." सगळे हसायचे. मीही हसलो आहे. वर्षअखेरीस त्यांचा गोपनीय अहवाल टाइप करायचं काम माझ्याकडे असे. 'साधारण. विनाकारण तक्रारी करतात.' दोनदा त्यांच्या मागचे लोक बढती घेऊन पुढे गेले. तरी जाधव शेवटच्या नळापर्यंत जातच राहिले.

एका उन्हाळ्यात एका चाळीचं पाणी सलग चार दिवस पांढरं आलं. त्यांनी चार चिठ्ठ्या दिल्या, त्या फायलीत पडून राहिल्या. पुढे त्या चाळीत घरोघर कावीळ झाली, एक लहान मुलगी गेली. चौकशी झाली ती जाधवांची. नेमून दिलेली जागा सोडून तुम्ही तिथे गेलातच कशाला, हा पहिला प्रश्न. चिठ्ठ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि फाईल माझ्याच कपाटात असून मी ती पुढे केली नाही.

त्यानंतर जाधव खुर्चीतून उठेनासे झाले. वही उघडायची, सगळ्या नळांपुढे 'पिवळं' लिहायचं, चहा घ्यायचा. त्या वर्षीचा अहवाल मी टाइप केला : 'उत्तम. कामात लक्षणीय सुधारणा.' बढतीही आली. त्यांना बरं वाटेल म्हणून मी तो शेरा हळूच सांगितला. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "कुठल्या कामात हो?"

निवृत्त होईपर्यंत ते तसेच 'उत्तम' राहिले...

शिरगावला गेलो तेव्हा जाधववहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला. "कोमट लागेल हं. उकळल्याशिवाय पाणी पिऊच दिलं नाही ह्यांनी आम्हाला."

"पहिल्यापासून?"

"नाही हो. बढती मिळाली ना, त्या वर्षापासून."

आत गॅसवर दुसरं पातेलं ठेवलेलं होतं. वहिनी ते उतरवायला उठल्या.