मॅडमचं सूत्र

लोणारच्या पाण्याचा कॅन उघडला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि मला नागपुरातला तो मे महिना आठवतो. खाऱ्या तळ्याचं पाणी किती आटलं की त्यातलं मीठ खाली बसेल, हे सांगणारं सूत्र आमच्या मॅडमनी अनेक वर्षं खपून बसवलं होतं. माझा प्रबंध त्यावरच उभा होता. प्रयोगशाळेतला कूलर गरम वारा फेकत होता, आणि काचेच्या बशीत, सूत्र सांगत होतं त्याच्या पुष्कळ आधी, पांढरे खडे दिसू लागले. मी पुन्हा पुन्हा तपासलं. ते मीठच होतं. "मॅडम, ही बशी नोंदीतून सोडून देऊ का?" मी चाचरत विचारलं. त्यांनी बशी उचलून उजेडात धरली. "काहून सोडायची वं? तळं खोटं बोलून राहिलं का?" मग त्यांनी फळ्यावरचं स्वतःचं सूत्र पुसलं. "या पाण्यात सोडाही आहे. त्यानं मीठ लवकर बसते. तो मी कमी धरला." निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस उरले होते, तरी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आता मीही शिकवते; परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं माझ्या सूत्रातली चूक दाखवली. तिचं बरोबर होतं. एवढंच तिला सांगायला मला अख्खी दुपार लागली.