खिडकीतला कागद

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं टायमिंग मोजणं. वरठीच्या कारखान्यात जाणाऱ्या एका माणसाची गाडी. सिलेंडरमध्ये मी नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवली होती. या इंजिनात वॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन वरखाली होतो अन् त्या उघडतो, झाकतो. खिडकी जरा वरखाली बसली की गाडीचा दम गेला. म्हणून मोजावं लागते.

पोरीच्या कंपासपेटीतले दोन कोनमापक जोडून मी गोल चकती केली होती. ती क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, लावायची. मी पान्याने क्रँक फिरवायचो अन् आकडा पाहायचो. बायको सायलेन्सरच्या बाजूच्या खिडकीत कागदाची पट्टी धरून बसायची. फट पडली की पट्टी आत सरकते, फट मिटली की पकडली जाते. तेवढं तिने सांगायचं. तिने तीस वर्षं बिड्या वळल्या, पानाची शीर बोटाने ओळखणारी बाई. केसाएवढी फट पडली तरी तिला समजायचं. मी चौथी शिकलेला माणूस. गावात माझं नाव झालं, बोटं तिची होती.

त्या दिवशी आकडे जमेनात. पिस्टन तळाशी असतो तिथून मोजलं तर उघडायचा अन् बंद व्हायचा आकडा सारखा यायला पाहिजे. इथं उघडणं उशिरा, बंद होणंही तेवढंच उशिरा. असं दोन कारणांनी होते. एक तर चकती सरकली, नाहीतर धरणारा उशिरा सांगून राहिला.

मी म्हणालो, "ध्यान कुठं हाय तुझं?"

"अजी, तुमची चकती सरकली असन. पाहा तरी."

"चकतीले काय धाड भरली? तुलेच झोप येऊन राहिली."

तिने बोटं लुगड्याला पुसली अन् पुन्हा पट्टी धरली. तिसऱ्यांदाही तेच. मी पाना आदळला. भात टाकते म्हणून ती आत गेली. दुपारी जेवताना ती डाव्या हाताने खात होती. मी पाहिलं. बोललो नाही.

दिवेलागणीला ती चुलीपाशी पडली. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, त्रास कधीपासून? लकव्याच्या या झटक्यात लवकर आणलं तर औषध चालते, म्हणाले. मी सांगितलं, आत्ताच, संध्याकाळी. उजाडायच्या आत ती गेली.

सकाळी घरी आणलं. सानगडीहून पोरगी आली. तिनेही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. मग उठून मागच्या पडवीत गाडीपाशी गेलो. अंगणात बसलेल्या बायांना काय वाटायचं ते वाटो.

माझं बोट त्या खिडकीत जात नाही. चिमट्याने पट्टी धरली. एका हातात चिमटा, एका हातात पाना, डोळे चकतीवर. पट्टी पकडली गेली तरी 'हां' म्हणणारं कोणी नव्हतं. आकडा खडूने फरशीवर लिहिला. तीन वेळा केलं, सावकाश. तिन्ही वेळा दोन्ही बाजू सारख्या आल्या. चकती सरकली नव्हती.

आत आलो. पोरगी आईचे केस विंचरत होती.

"संध्याकाळी नाही," मी म्हणालो. "जेवायच्या आधीच हात गेला होता तिचा. मी तिच्यावरच खेकसलो. डाव्या हाताने जेवली, तेही मले दिसलं होतं."

कंगवा केसातच राहिला. पोरगी माझ्याकडे पाहत होती.

मग ती म्हणाली, "हात धुऊन या, बाबा. आईले शेवटचं पाणी पाजा."

मी मोरीवर गेलो. आधी पेट्रोलने हात धुतले, मग साबणाने. नखातलं ऑइल लवकर निघत नाही. घासत राहिलो.