मुलीचा उपास मोडताना

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमच्या घरी डुकराचं मटण असतं. रत्नागिरीत ते सहज मिळत नाही, म्हणून सावंतवाडीकडून कोणी येणार असलं की मी आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत आमचा उपासकाळ, घरात मटण-कोंबडी शिजत नाही, त्यामुळे त्या जेवणाला कोणी मागेपुढे पाहत नाही. यंदा आम्ही तिघीच होतो. मी, माझी सासू आणि अकरावीतली माझी मुलगी. नवरा जहाजावर नोकरीला आहे.

मुलीने पुन्हा पातेल्यात डाव घातला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घे बाय, घे. उद्यापासून तरी आवर. हल्ली चर्चमध्ये तू बाकावर बसलीस की मला अर्ध्या मांडीवर बसावं लागतं."

मी हसले. विनोद बरा होता आणि मुलगी थोडी जाड होतीच, माझ्यावर गेली होती. तिने डावातल्या फोडी पातेल्यात परत टाकल्या. त्यावरूनही सासूबाईंनी तिला ऐकवलं.

आमच्या उपासाची इथे नेहमी थट्टा होते. चर्चच्या नियमाने शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतात. मिरकरवाड्याच्या बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचं, शुक्रवारी सुरमई तळायची आणि त्याला त्याग म्हणायचं, हे मला शेजारणींना आजवर पटवता आलेलं नाही. म्हणून सासूबाईंनी घरापुरता स्वतःचा कायदा केला आहे. उपासकाळात बुधवारी आणि शुक्रवारी मासेही नाहीत, दोन्ही दिवशी रात्री पेज आणि लोणचं. शिवाय प्रत्येकाने आवडीची एक गोष्ट सोडायची. सासूबाईंनी चहातली साखर सोडली. मी मालिका सोडल्या, तसाही बघायला वेळ नव्हता. नवऱ्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "इथला कुक जे शिजवतो ते मी खातोय. याहून जास्त प्रायश्चित्त देवालाही नको असेल." मुलीने मासे सोडले, आठवड्याचे सगळे दिवस. पंधरवड्याने सकाळचा नाश्ता सोडला. मग रात्रीचा भात.

मी घरी कपडे शिवते. यंदा उपासकाळ आणि रमझान जवळजवळ एकदमच सुरू झाले, आणि ईदच्या आधीचा महिना म्हणजे माझा वर्षाचा हंगाम. मशिन पडवीत आहे. सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. मुलीचं ताट वाढून झाकून ठेवत होते, नंतर ते घासलेलं दिसत होतं. दारातलं मांजर मात्र चांगलंच सुधारलं होतं.

बाकी सगळीकडून कौतुकच येत होतं. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला मुलगी पुढे क्रूस धरून उभी राहायची. बायका मला म्हणायच्या, "तुझ्या पोरीचा चेहरा बघ गो कसा झालाय, एकदम संतिणीसारखा." फादरनीही प्रवचनात सांगितलं की आजच्या तरुणांना त्याग जमत नाही असं कोणी म्हणू नये, आपल्याच चर्चमध्ये उदाहरण आहे. सासूबाई इकडेतिकडे बघत बसल्या, सगळ्यांना ऐकू गेलं ना म्हणून. मलाही बरं वाटलं. लग्न होऊन आल्यापासून त्या चर्चमध्ये माझ्या घरातल्या कोणाबद्दल काही चांगलं कोणी बोललं नव्हतं.

शेजारच्या भाभीचे दोन ड्रेस माझ्याकडे शिवायला होते. भाभी पलीकडच्या कंपाउंडमध्ये राहते, नवरा कुवेतला. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. रमझान संपत आला होता तेव्हा एकदा भाभी फिटिंगला आली आणि बाह्या बसवता बसवता अजान झाली. घरी जाऊन उगाच उशीर नको म्हणून तिने पडवीतच रोजा सोडला. माझ्या पोरीने पाणी आणलं. भाभीच्या मुलीने कांदाभजी, खजूर आणि कलिंगडाच्या फोडी आणून ठेवल्या आणि स्वतः तिथेच उभी राहून भज्यांवर तुटून पडली.

"बस तरी खाली, हावरट," भाभी तिला म्हणाली. मग माझ्या मुलीसमोर ताट धरलं. "घे गो. भजी आहेत, मटण नाही."

"नको, खाला." भाभीला ती खाला म्हणते, म्हणजे मावशी. "माझा उपास आहे."

"सुटतो कधी?"

"ईस्टरला."

"तो महिन्याचा. आजचा कधी सुटतो?"

मुलगी नुसती हसली आणि पेला घेऊन आत गेली. भाभी खजुराची बी हातात धरून तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"बाय, ही जेवते का?"

"तुझ्यासारखी दिवस मावळल्यावर चरत नाही एवढंच."

"थट्टा नको करू. माझी पोरगी दुपारपासून घड्याळाला शिव्या देते. भजी तळताना डोळ्यांत पाणी येतं तिच्या. उपास केला की भूक लागते गो, तोच तर उपास. तुझी पोरगी भज्यांकडे कशी बघत होती माहीत आहे? झुरळ बघावं तशी."

"तुझी पोरगी लपून बडीशेप खाते ते बघ आधी."

"खाते ना. म्हणून मला तिची काळजी नाही."

मला राग आला. तिच्या बाहीला टाचणी लावताना ती जरा खोल गेली आणि मी सॉरी म्हटलं नाही. पण माणूस बोलून गेलं की ऐकलेलं कानातून काढता येत नाही. ईदचे कपडे गेले, ईद झाली, भाभीकडचा शीरखुर्मा आला. मुलीची वाटी मी तिच्यासमोर ठेवली आणि उठले नाही. तिने चमचा दुधात फिरवला, शेवया एका बाजूला केल्या, मग दुसऱ्या बाजूला. "नंतर खाते," म्हणाली.

"आत्ता."

"पोट भरलंय."

"कशाने?"

ती उठून गेली.

ईस्टरचा ड्रेस शिवायचा म्हणून मी टेप घेतली. ती म्हणाली, मागच्या मापाने शीव. माझ्या हाताखालून गावातल्या अर्ध्या बायका गेल्या आहेत. माप द्यायला लाजणारी बाई एक तर पोटुशी असते, नाहीतर काहीतरी लपवत असते. मी दार लावून घेतलं आणि तिला धरली. ती लाथा झाडत होती, तरी सोडली नाही. कुर्त्याच्या आत दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना लावून कापड दुमडलेलं होतं, कुर्ता सैल झालेला बाहेरून कोणाला कळू नये अशा बेताने. माझीच मुलगी, काम सफाईदार होतं. कुर्ता वर केला तेव्हा बरगड्या दिसल्या. दंड माझ्या मुठीत मावला. मग मी तिचं कपाट उघडलं. उपासकाळाच्या सुरुवातीला आणून दिलेलं पॅडचं पाकीट तसंच होतं, फोडलेलंही नाही. कंगव्यात केसांचे पुंजके.

"पाळी कधीपासून नाही?"

"तुला काय करायचंय?"

मी तिच्या थोबाडीत मारली. हाताला गालाचं हाड लागलं.

सासूबाई दाराबाहेर होत्या. "उपासकाळात पोरीवर हात टाकलास," त्या म्हणाल्या. "तिने व्रत घेतलंय. तुला जमत नाही, तिला जमतंय, तर जळतेस?"

तिथून घरात युद्ध सुरू झालं. मी वाढायची, मुलगी म्हणायची उपास आहे, सासूबाई म्हणायच्या तिला छळू नकोस. मांजराला मी घरातून हाकललं. मग पोळीचे तुकडे दप्तराच्या खालच्या कप्प्यात मिळाले, बुरशी आलेले. एकदा उशीच्या अभ्र्यात उकडलेलं अंडं मिळालं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक चर्चच्या पायऱ्या चढत असताना ती पडली. माझ्या पुढेच होती. हातातली झावळी आधी खाली आली, मागोमाग ती. डोकं पायरीच्या कडेला लागलं. आवाज नारळ पडल्यासारखा आला आणि सगळे गाता गाता थांबले. बायकांनी पाणी मारलं, वारा घातला. ती डोळे उघडेपर्यंत सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "येशूही क्रूस नेताना तीनदा पडला होता."

"येशूला तिसऱ्या दिवशी उठायचं होतं, आई. हिला उद्या पेपर आहे," मी म्हटलं. "आणि यापुढे हिच्या अंगाबद्दल एक शब्द काढलात, जाड म्हणून नाही आणि संत म्हणूनही नाही, तर तुमचं जेवण तुमच्या खोलीत. दार मी बाहेरून लावीन."

चर्चच्या पायरीवर, हातात झावळ्या घेतलेल्या सगळ्या गावासमोर. पुढचे चार दिवस सासूबाई मला सोडून सगळ्यांशी बोलल्या, बहुतेक माझ्याबद्दलच.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला टाके घातले, नाडी धरली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बघून मुलीला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, "हृदयाचे ठोके फार मंद आहेत. आठवडाभर घरी बघा. दर दोन तासांनी थोडं थोडं, तुमच्या डोळ्यांदेखत. जेवल्यावर तासभर बाथरूमला एकटी सोडू नका. नाही जमलं तर ॲडमिट करायचं, नाकातून नळी घालायची. आणि मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचंच आहे, ते टाळू नका." शेवटचं मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना नाही.

बाथरूमची कडी मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने काढली. मुलगी उभी राहून बघत होती. "तू जेलर आहेस," म्हणाली. मी म्हटलं, "स्क्रू धर, हरवतील."

चार दिवस ती कसंबसं खात होती, घोट घोट. मग गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमच्याकडे घरात कोणी मोठ्याने बोलतही नाही. मोठ्यांनी एकदाच जेवायचं, सासूबाई तर पाण्यावरच असतात. मुलगी सकाळी अंघोळ करून पांढरे कपडे घालून टेबलाशी आली. किती दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

"आज तू मला काही म्हणू शकत नाहीस," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर पेज ठेवली, वर खोबऱ्याचं दूध घातलेली, आणि बांगडा तळला. वास घरभर गेला. सासूबाई खोलीतून पदर नाकाला लावून आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"गुड फ्रायडेला? घरात क्रूस आहे की काढून टाकलास?"

"मम्मी, मी पाप करणार नाही," मुलगी म्हणाली. ती वाटी मागे सारत होती आणि तिचा आवाज एकदम प्रवचनासारखा झाला होता.

मी फादरना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांना सगळं माहीत होतं, मी आधीच सांगून आले होते. ते म्हणाले, "मुली, अठरा वर्षांखाली उपासाचं बंधन नाही. आजारी माणसाला तर कधीच नाही. आई जे वाढेल ते खा. आजच्या दिवशी तोच तुझा उपास समज. मी मागे तुझं कौतुक केलं, ते चुकलं."

फोन बंद झाला. सासूबाई आत गेल्या आणि थोड्या वेळाने चर्चला निघून गेल्या.

"फादरना काय कळतं," मुलगी म्हणाली.

"बरं. देवाचा माणूस सांगतोय खा, तरी तू खात नाहीस. मग हा उपास देवासाठी नाहीच. कोणासाठी आहे?"

पेजेवर साय धरली. मला वाटलं आता आजीचं नाव घेईल.

"मला तुझ्यासारखं दिसायचं नाहीये," ती म्हणाली. "तू पडवीत मशिनवर बसतेस ना, मागून स्टूलच दिसत नाही. खाला आणि त्या सगळ्या बायका तुझ्या पाठीमागे हसतात. कॉलेजमधून मैत्रिणी घरी येतो म्हणतात आणि मी काहीतरी सांगून टाळते. तुझ्यासारखं होण्यापेक्षा मेलेलं बरं."

मुलगी माझी आहे. कुठे टोचलं की खोल जातं ते तिला कळतं.

"नको होऊस माझ्यासारखी," मी म्हटलं. "हवी तशी हो. पण त्यासाठी जिवंत राहावं लागतं. खा."

"नाही."

"मला कुठे जायचं नाही."

चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी गुड फ्रायडेची प्रार्थना चुकवली. आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसलो. तिने चमचा उचलला, ठेवला. रडली. मी रडले नाही आणि तिच्याजवळही गेले नाही. जवळ गेले असते तर तिने मला मिठी मारली असती आणि वाटी तशीच राहिली असती. पेज गार झाली तेव्हा मी ती पातेल्यात ओतून गरम केली आणि पुन्हा वाढली. दुसऱ्यांदाही गार झाली, पुन्हा गरम केली.

"तू हे करायला नको होतंस," ती शेवटी म्हणाली आणि पहिला चमचा तोंडात घातला. प्रत्येक घोटाला ती माझ्याकडे बघत होती, नजर न काढता, मी लाजून तोंड फिरवीन म्हणून. मी फिरवलं नाही. बांगड्याचे काटे काढून तुकडे तिच्या ताटात ठेवत गेले. तिने अर्धा खाल्ला.

वाटी रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला हे कधी माफ करणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. "तासभर इथेच बस. संध्याकाळी परत पेज आहे."

संध्याकाळी तिने निम्मी घेतली आणि वाटी पुढे सरकवली. मी ती उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवली.