बोलपटात आक्काचे हात

आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ एका सिनेमा कंपनीने शिमग्यानंतर पंधरा दिवस मागून घेतलं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. कंपनी म्हणजे दहाबारा माणसं आणि एक कॅमेरा. भुताटकीचा धूर हवा असला की ते ओली चिपाडं पेटवायचे. भिंतीवरचं रक्त म्हणजे आमच्या घरची काकवी आणि कुंकू.

त्यात वेडीचं काम करणारी बाई पाणी प्यायला आमच्याकडे यायची. आईने पहिल्याच दिवशी तिची ओटी भरली. ओटी भरली म्हणजे ती लेकच झाली, मग लेकीपासून काय लपवायचं? एरवी कुणी आलं की आम्ही आक्काला आतल्या खोलीत बसवत असू. या बाईपुढे ती सोप्यातच बसून राहिली.

आक्का माझी थोरली बहीण. बाळंतपणानंतर तिचं डोकं बिघडलं. सासरच्यांनी दोन महिन्यांचं पोर ठेवून घेतलं आणि तिला इस्लामपूरजवळ आमच्या गावी आणून सोडलं. ती जुन्या लुगड्याचं गाठोडं मांडीवर घ्यायची आणि दोन्ही हात त्याच्यावर आडवे धरायची. बाळाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून.

मी घुमी. घरातही माझं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नसे. ती बाई मात्र माझ्याजवळ बसून विचारायची, "रात्री काय करते गं? हसते का? हात नेमके कसे धरते?" मी सगळं सांगितलं. हात तर मीच करून दाखवले. जाताना ती म्हणाली, "तुझ्या बहिणीचं कुणाला सांगणार नाही. गळ्याची शपथ." तिचं तेल लावलेलं डोकं, तिचा हसरा चेहरा, मला सगळं खरं वाटलं.

दिवाळीपर्यंत आक्का पुष्कळ सावरली. झोपू लागली, भाकऱ्या थापू लागली. गाठोडं तिने स्वतःच सोडून त्याची लहान अंगडी शिवली. सासूचा निरोप आला, संक्रांत झाली की नेतो.

त्याच थंडीत तासगावला तंबूत तो बोलपट लागला. आक्काचं सासर तिथलंच. आई हरखून मला घेऊन मोटारीने गेली आणि विहिणीलाच म्हणाली, "चला की विहीणबाई! वटी भरल्याली बाई हाय आमची त्यात."

"लय मोठ्या लोकांत वावरताय की तुमी," सासू हसली आणि आली.

आम्ही तिघी बायकांच्या बाजूला बसलो. पडद्यावर ती बाई मोकळ्या केसांनी भिंतीशी बसली होती. मांडीवर गाठोडं, आणि त्यावर आडवे धरलेले हात. आक्काचेच हात. मला क्षणभर बरं वाटलं. मग तिने मान वर केली, डोळे वटारले, उठली आणि तेच हात तसेच धरून पाळण्यातल्या लेकराच्या गळ्यावर नेले. बायका किंचाळल्या. पुरुषांकडून शिट्ट्या आल्या.

सासू उठून बाहेर गेली. आम्ही मागोमाग गेलो.

"त्यो सिनेमा हाय, विहीणबाई," आई म्हणाली.

"हात वळखू येत्यात मला. माझ्या घरात दोन म्हैनं बघितल्यात."

"आवं, ती ऊन अडवत हुती पोराचं."

"तुमाला काय ठावं? असली काय करती ते आज दिसलं. माझा नातू माझ्यापाशीच ऱ्हाईल."

मला सांगायचं होतं की ते गळ्यावर जाणं खोटं आहे, हात मी दाखवले होते, ते सावलीचे होते. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. सासू चालती झाली.

त्या बाईने शपथ मोडली नाही, असंही कुणी म्हणेल. सांगितलं नाहीच तिने. पण तिच्यावर जेवढा राग आहे तेवढाच माझ्या त्या गप्प बसण्यावर आहे.

घरी आक्का दारातच होती. "कवा येत्यात न्यायला?"

"थंडी कमी झाल्यावर," मी म्हणाले.

चैत्रात तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं. आई सांगेना, म्हणून मीच सांगितलं, आणि सिनेमाचंही सांगितलं.  आक्का चुलीतला जाळ सारखा करत राहिली. मग विचारलं, "पोरगं चालाय लागलं आसंल न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं.