तात्यांच्या घोड्याचे दहा श्वास

सकाळी पुण्याहून एसटीत बसलो तेव्हा मांडीवर घोड्याच्या तोंडाला लावायचा मुखवटा होता. शेजारच्या बाईंनी तो पाहिला, मग मला पाहिलं आणि जागा बदलली. मी जनावरांचा डॉक्टर. स्वस्थ उभा असलेला निरोगी घोडा श्वास कसा घेतो ते मोजत गावोगाव हिंडतोय. नऊ घोडे झाले होते. दहावा मिळाला की वर्षभराचा प्रबंध हातावेगळा.

तो दहावा कोल्हापूरच्या अलीकडे, पेठ वडगावजवळ, शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या तात्यांकडे होता. फोनवर मी ‘फुप्फुसांची तपासणी आहे’ एवढंच बोललो होतो. पोचलो तर घोडा घामाने निथळत होता.

“पाटेपासनं (पहाटेपासून) तीन फेऱ्या मारल्यात,” तात्या म्हणाले. “तपासणी हाय म्हटल्यावर अंग मोकळं नको व्हय?”

“तात्या, मला शांत उभ्या घोड्याचा श्वास हवाय.”

“उभ्या घोड्याचं काय मोजायचं, पावणं (पाहुणे)? त्ये काय म्हस हाय?”

माझं डोकंच फिरलं. तात्यांच्या घरच्या काकूंनी ताट वाढलं: भाकरी, दही, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). पहिल्या घासाला माझाच श्वास मोजण्याजोगा झाला.

जेवण झालं, चहा झाला, तात्यांचं शर्यतपुराण झालं. तोवर घोडा पार गार झाला होता. माझी पद्धत सरळ: मालकाने घोडा धरायचा, मी मुखवटा चढवायचा, मोजायचं, पुढचं गाव गाठायचं. तात्यांनी माझा हात धरला.

“आदी वळखू दे की त्याला.”

त्यांनी मुखवटा घोड्याला हुंगू दिला, स्वतःच्या तोंडाला लावून दाखवला, मानेवरून हात फिरवत बसले. अर्ध्या तासाने घोड्याने आपणहून तोंड पुढे केलं. मिनिटाला दहा श्वास, श्वासागणिक पाचेक लिटर हवा.

तात्यांचा चेहरा पडला. “धाच? सकाळचं लिवा की, साठ तरी हुतं.”

“कमी असणंच चांगलं, तात्या. फुप्फुसं ठणठणीत आहेत.”

परतीच्या एसटीत वही उघडली. आधीचे नऊ घोडे: अठरा, वीस, बावीस. हे आकडे मी निरोगी घोड्याचे म्हणून अभिमानाने लिहिले होते. ती सगळी जनावरं मला घाबरली होती, आणि मी वर्षभर त्यांची भीती मोजत फिरलो होतो. फार लाज वाटली.

जयसिंगपूरला, पहिल्या घोड्याच्या मालकांना फोन लावला. “पुन्हा मोजायचंय. उद्या सकाळी येतो, संध्याकाळी मोजतो.”

“मग दिसभर काय करणार, डॉक्टर?”

“घोड्यापाशी बसेन म्हणतो.”