कवठ्याहून कासुर्डी, एका नंबरासाठी

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं हाय, नववीतनंच शाळा सुटली. आन् फोनवर एका बोटानं टाईप करते, त्यामुळं एवढं लिहायला तीन दिवस लागले. चुकलं असंल तिथं समजून घ्या.

सगळे ब्लॉगवाले कोकणात जातात, न्हाईतर लेह-लडाखला. मी ते वाचते, फोटो मोठे करून बघते. एका जागी बसवत न्हाई मला, पण जायला मिळत बी न्हाई. तर गेल्या सोमवारी कवठे येमाई, शिरूर, न्हावरा, चौफुला, कासुर्डी, खुटबाव आन् परत, असा एका दिवसाचा दौरा झाला. कुणाला ह्या रस्त्यानं जायचं असंल, किंवा वाफेच्या टाकीला कुठली प्लेट घ्यावी असा प्रश्न पडला असंल, तर वाचा.

मी मामांच्या शेडमधी काम करते. खुणा मारणं, गॅसनं कापणं, ग्राइंडर. आम्ही गेटं आन् उसाच्या ट्रॉल्या करतो. मामा आधी रांजणगावला टाक्या करायच्या कंपनीत होते, त्यामुळं त्यांना प्रेशरचं काम येतं, पण स्वतःच्या शेडमधी ते कधी केलेलं नव्हतं. ह्या थंडीत पहिली ऑर्डर आली. खुटबावच्या एक ताई मशरूम पिकवतात. मशरूमच्या पिशव्या आधी वाफेत शिजवाव्या लागतात, त्याला ऑटोक्लेव्ह लागतो. म्हंजी माणूस आत बसंल एवढा कुकर. मामांनी त्यासाठी कासुर्डीहून बॉयलरची एक प्लेट आणून ठेवली होती.

आता प्लेटचं सांगते. साधी लोखंडी प्लेट म्हंजी दोन हजार बासष्ट जातीची, तिच्या ट्रॉल्या होतात. वाफेला बॉयलरची लागती, पाचशे सोळा ग्रेड सत्तर; साधी दाबानं फाटू शकती. दोन्ही दिसायला एकच. चुंबक दोन्हीला चिकटतं, ग्राइंडर मारला तर ठिणग्या बी सारख्याच. ओळखायची ती कोपऱ्यात ठोकलेल्या नंबरावरनं. भज्यांचा जसा घाणा असतो तसा भट्टीचा घाणा असतो, त्या घाण्याचा तो नंबर, हीट नंबर. कारखान्याच्या कागदावर तोच असतो. म्हणून नियम हाय, कोपरा कापायच्या आधी नंबर उरलेल्या प्लेटवर पंचानं ठोकायचा, मगच गॅस पेटवायचा.

मी न ठोकताच कापला होता. शिरूरच्या एका गिरणीच्या शटरला कडी करायची होती, घाई होती, हाताजवळ तोच कोपरा होता.

हे मामांना माहीत होतं. बोलून बी झालं होतं. म्हणून ठरलं, की शिरूरला जाऊन कडीवरचा नंबर वाचायचा, तो घेऊन कासुर्डीला प्लेटवाल्या आबांकडं कागद शोधायचा, आन् मग खुटबावला जागेचं माप घ्यायचं. मामांना माहीत नव्हतं ते पुढचं. कोपरा कापल्यावर आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं होतं, साधी प्लेट घे आन् ट्रॉलीच्या आसाच्या पट्ट्या काढ, बॉयलरच्या प्लेटला हात लावू नको. भिंतीला दोन प्लेटा टेकलेल्या. दोन्हीचे कोपरे कापलेले, दोन्हीवर सारखा गंज. विचारायला पाहिजे होतं. पण विचारायचं म्हणलं की मी तशीच कामाला लागते. मी अंदाजानं एक घेतली.

एक गेली ट्रॉल्यांना. एक उरली. मामा म्हणत होते उरलेली बॉयलरची.

सकाळी साडेसहाला पिकअपनं निघालो. धुकं होतं, मलठणपतुर रस्ता दिसंना. शिरूरला गिरणी उघडायची वाट बघत स्टँडजवळ चहा घेतला, दहा रुपयाला, आलं भरपूर. बसल्या बसल्या माझा पाय हलत होता. मामा म्हणले, गुडघा हलवू नको, चहा सांडतोय.

गिरणीवाल्या काकूंनी कडीला हिरवा रंग दिलेला. मामा नाण्यानं खरवडायला लागले तवा काकू पिठाच्या हातानं तिथं आल्या.

"कडी न्यायला आलाय का? न्या की. मग दारात राखणीला तुम्हीच बसा."

मामा हसले, म्हणले, काकू, नुसतं वाचायचंय. काकू म्हणल्या, "माझ्या दारावर वाचण्यासारखं काय लिवलंय, मी तर दोन महिनं कुलूप लावतीया." रंग निघाला तसा नंबर दिसायला लागला. दोन अक्षरं आन् पाच आकडे. मी फोटो काढला. मामांनी खुशीत मला दोन वडापाव घेऊन दिले. मला एकच गेला.

शिरूर-न्हावरा रस्ता आता बरा हाय, पण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकायला होतं. स्वतःची गाडी नसंल तर चौफुल्याची एसटी मिळती, वेळ आधी विचारा. पारगावच्या पुलावर भीमा लागती. सगळी जलपर्णी, पाणी कुठं आन् जमीन कुठं कळत न्हाई, हिरवं मैदान वाटतं. तिथं थांबून फोटो काढावा असं कितीदा मनात होतं. प्रत्यक्षात मी काढला न्हाई. प्रत्येक ट्रॉली ओलांडताना मी खाली वाकून आसाच्या पट्ट्या बघत होते. आमच्या असल्या तर? आन् दिसल्या तरी त्याच्यावर काय लिहिलंय थोडंच?

"काय मोजतीस गं रुपे?" मामा म्हणले.

"काय न्हाई."

चौफुल्याला सोलापूर हायवे लागला की पुण्याच्या बाजूला वळायचं, यवतच्या पुढं कासुर्डी. आबांचं गोडाऊन हायवेपासनं आत हाय. आबा सत्तरीचे, पांढरी टोपी, खुर्चीला जुनी उशी. त्यांच्याकडं प्रत्येक प्लेटचा कागद प्लास्टिकच्या फायलीत. फोटो बघितला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, आन् कागद बाहेर काढला. नंबर तोच. पाचशे सोळा ग्रेड सत्तर.

मामांनी लगीच पाण्याची बाटली तोंडाला लावली, सगळी संपवली.

आबांनी कागद मात्र हातातनं सोडला न्हाई. म्हणले, "कोपरा बॉयलरचा हाय, बरोबर. पण शेडात उभी हाय ती प्लेट ह्याच कोपऱ्याची कशावरनं?"

"भाचीनं कापलीया," मामा म्हणले. "तिला ठाव हाय."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नुसतीच, मला अजून सांगता येत न्हाई.

लॅबला तुकडा पाठवता येतो, आबा म्हणले, पण लॅब आत काय काय हाय ते सांगंल, नंबर परत देत न्हाई, आन् तपासणीवाला वाफेच्या कामाला सही करणार न्हाई. मग मामांकडं बघून, "तुमच्यात तर सांगायला नको. मेंढरांचे दोन कळप मिसळले आन् एखाद्याच्या कानाची खूण फाटलेली असली, तर तुमचा आज्जा काय करायचा?"

"सोडून द्यायचा," मामा म्हणले. "आपलं असलं तरी."

आमचे पणजोबा मेंढरं राखायचे. ही गोष्ट मी दहादा ऐकलीया. त्या दिवशी मात्र ऐकताना कान गरम झाले.

निघताना मामांनी विचारलं, ताईंना चकचकीत स्टीलची पाहिजे, तीनशे चार, कसं करू? आबा म्हणले, खुटबावला बोअरचं पाणी खारट हाय का बघ आधी. गरम खारट पाण्यात तीनशे चारला बारीक चिरा पडतात, वरनं दिसत बी न्हाईत. खारट असंल तर तीनशे सोळा घ्या, ते लई महाग जाईल. न्हाईतर बॉयलरचीच घ्या, गंजायला दोन एमएम जादा धरून.

खुटबावला पोचलो तवा एक वाजला होता. भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी आईनं बांधून दिलेली, ती ताईंच्या शेडच्या सावलीत खाल्ली. ताई चाळिशीच्या असतील, भराभर चालतात, बोलतात बी तसंच. त्यांनी चहा केला. चहा फुटलेला, जरा खारट. मामांनी किटलीचं झाकण उघडून आत बोट फिरवलं, बोटाला चुन्यासारखं पांढरं आलं. "ताई, स्टील राहू द्या," ते म्हणले. आमच्याकडं बॉयलरची प्लेट तयार हाय, कागद बी मिळालाय, दहा दिवसांत टाकी देतो.

ताईंना बरं वाटलं. जुनी टाकी पुरत न्हाई, पिशव्या थांबल्यात, दुसऱ्या एका माणसानं बी भाव दिलाय, असं त्या बोलता बोलता म्हणल्या. मग जागा दाखवली. टाकी इथं, दार ह्या बाजूला. दारासमोर चार हातांवर एक लाकडी पाट होता, त्यावर एक मावशी बसून पिशव्या भरत होत्या.

"ह्या सुमनमावशी," ताई म्हणल्या. "त्यांची जागा हीच. टाकीची ऊब पाठीला लागती म्हणून हलत न्हाईत."

"म्हातारपणी फुकटची शेकोटी," मावशी न बघता म्हणल्या. "नवी टाकी आणा, पण माझा पाट हलवायचा न्हाई."

मामा टेप लावत होते. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. मी मावशींच्या पाठीकडं बघत होते, मामा म्हणले, नीट धर.

"मामा," मी म्हणले, "उरलेली प्लेट बॉयलरची हाय का साधी, मला माहीत न्हाई."

टेप सुटून खळकन् त्यांच्याकडं गेला.

"पट्ट्या काढल्या तवा दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी विचारलं न्हाई. अंदाजानं घेतली."

एवढं सलग मी परक्या माणसांपुढं कधीच बोलले नव्हते. मामांनी टेप खिशात टाकला. मग त्यांनी टोपी काढली, परत घातली. ताईंच्याकडं वळून म्हणले, ताई, ती प्लेट धरू नका. नवी घेतो, प्रत्येक तुकड्यावर नंबर ठोकून. आठ दिवस जादा लागतील. तुम्हाला दुसऱ्याला द्यायचं असंल तर द्या, माझी तक्रार न्हाई.

ताई काय म्हणतील ह्याची वाट बघताना मी भिंतीवरच्या सगळ्या विटा मोजल्या. ताईंनी मामांना सोडून मलाच विचारलं.

"नवीवरचा नंबर कोण ठोकणार?"

"मी."

"मग आठ दिवस थांबते," त्या म्हणल्या. "आन् ठोकला की मला फोटो पाठव."

माघारी परत कासुर्डी. आबांनी काय झालं ते विचारलंच न्हाई, नुसतं पावती-पुस्तकाचं नवं पान काढलं. प्लेट गाडीत चढवायच्या आधी त्यांनी मला नंबर मोठ्यानं वाचायला लावला, दोनदा. मी एकदा बी अडखळले न्हाई, आकडेच होते म्हणून असंल.

मग पारगावचा पूल लागला. मामांनी गाडी बाजूला घेतली आन् म्हणले, काढ तुझा फोटो. मी काढला. हललेला आलाय, खाली टाकलाय, बघा. मग गाडी सुरू करताना ते म्हणले, "सकाळीच सांगितलं असतंस तर डिझेल वाचलं असतं." थोड्या वेळानं परत, "तिथं सांगितलंस तेच बरं झालं."

घरी आलो तवा उजेड होता. नवी प्लेट उतरवली. मामांनी जुन्या प्लेटकडं बोट केलं, खडू दिला, म्हणले लिही. काय लिहू विचारलं तर म्हणले, खरं असंल ते. मी लिहिलं, ‘कुठली ते माहीत न्हाई’. ती आता ट्रॉलीला जाईल. दुसऱ्या दिवशी नव्या प्लेटचे सहा तुकडे पाडले, सहाही ठिकाणी आधी नंबर ठोकला, मग कापलं. ताईंना फोटो गेला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

ह्या दौऱ्यातनं काय राहिलं म्हणाल तर जलपर्णीची ती हिरवी भीमा, आन् सुमनमावशींची पाठ. गुडघा अजून हलतोच. रस्त्यानं ट्रॉली गेली की अजून आसाकडं नजर जाती, ती सवय लवकर जाणार न्हाई. पण विचारायचं असलं की आता मी आधी विचारते, हळू आवाजात का होईना. ज्यांना प्लेट घ्यायचीय त्यांनी एवढंच करा, आधी पाणी चाखा आन् कोपरा बघा.

अजून खुटबावच्या रस्त्याचं लिहायचं होतं, पण थांबते. खालच्या मळ्यात पिंजऱ्यात बिबट्या सापडलाय, सगळा गाव तिकडं पळतोय.